पराभवाचा खर्च

पंजाबचं राज्य इंग्रजांकडे कसं गेलं, असा विषय निघाला की आपल्याकडे उत्तर तयार असतं: फितुरी. शिखांच्या खालसा फौजेचे सेनापती लालसिंग आणि तेजसिंग ही दोन नावं घेतली जातात, मराठेशाहीतली चारदोन नावं त्यांच्या पंगतीला बसवली जातात आणि विषय मिटतो. हे उत्तर मला पुरत नाही. फितुरी झाली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फितुरांना शिव्या देऊन झाल्या की आपण उठून जातो आणि लढाईनंतर ज्या कागदांवर सह्या झाल्या ते वाचायचे राहून जातात. १० फेब्रुवारी १८४६ ची सोब्रावची लढाई आणि २९ नोव्हेंबर १८०३ ची आमच्या वऱ्हाडातली अडगावची लढाई शेजारी शेजारी ठेवून त्यांचे तह वाचले, तर राज्यं कशी गेली ते जास्त स्पष्ट दिसतं. हरलेल्याच्या छातीवर बसायला जी फौज आली, तिचा पगार हरलेल्यानेच भरायचा, असं ठरलं आणि तिथे खरा निकाल लागला.

सोब्राव हे सतलजच्या काठचं गाव. खालसा फौज नदी ओलांडून अलीकडच्या काठावर आली होती आणि नदीच्या वळणात मातीचे भक्कम मोर्चे बांधून बसली होती. पाठीशी सतलज, आणि पलीकडे जायला नावांचा एकच पूल. पाऊस होऊन गेल्याने नदी चढली होती. त्या दिवशी सकाळी धुकं होतं. ते वर उठल्यावर इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या, पण त्यांच्या जड तोफांचा दारूगोळा लवकरच संपत आला. सर ह्यू गफ या सरसेनापतीने मग पायदळाला संगिनी लावून मोर्चांवर धाडलं. पहिले हल्ले शिखांनी परतवून लावले. तेजसिंग मात्र ऐन लढाईत पूल ओलांडून निघून गेला होता आणि पूल मोडला. तो मुद्दाम मोडला की गर्दीच्या ओझ्याने मोडला, यावर आजही वाद आहे. मागे राहिलेल्यांसमोर शरण जाणं, लढणं किंवा चढलेल्या पाण्यात उडी घेणं एवढंच उरलं. म्हातारे सरदार शामसिंग अटारीवाले पांढऱ्या पोशाखात लढले आणि तिथेच पडले. इंग्रजांचे ३२० ठार आणि २,००० हून जास्त जखमी झाले. शिखांच्या हानीचे अंदाज ८ ते १० हजारांचे आहेत, आणि त्यांतले कितीतरी नदीत गेले. ६७ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

सेनापती निघून गेला, परतीची वाट तुटली, तरी माणसं मोर्च्यात उभी राहिली. त्या फौजेत धैर्याची उणीव होती असं शत्रूनेही म्हटलेलं नाही. त्याच्या सात आठवडे आधी, २१ डिसेंबर १८४५ च्या रात्री, फिरोजशहाच्या मैदानात इंग्रजांची अवस्था इतकी नाजूक होती की गव्हर्नर जनरल हार्डिंगने सरकारी कागदपत्रं जाळून टाकायची व्यवस्था केली आणि आपल्याजवळची नेपोलियनची तलवार छावणीतून बाहेर पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी तेजसिंग ताज्या दमाची फौज घेऊन समोर आला, आणि दमलेल्या, दारूगोळा संपलेल्या शत्रूवर न तुटून पडता माघारी वळला.

म्हणजे फितुरीचा पुरावा आहे. तो मांडण्याची किंमतही एका इंग्रजाने मोजली आहे. जोसेफ डेव्ही कनिंगहॅम हा अधिकारी स्वतः या युद्धात होता. १८४९ मध्ये त्याने शिखांचा इतिहास लिहिला आणि त्यात लाहोरच्या कारभाऱ्यांचं इंग्रजांशी आधीच संधान होतं, असं स्पष्ट सुचवलं. त्याबद्दल त्याला भोपाळच्या पोलिटिकल खात्यातून काढून परत पलटणीत पाठवलं आणि १८५१ मध्ये तो वारला. आपल्याच सरकारच्या विजयाबद्दल असं लिहिणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

पण फितुरी शक्य का झाली, हा पुढचा प्रश्न आहे. रणजितसिंग २७ जून १८३९ रोजी गेला. पुढच्या सहा वर्षांत लाहोरच्या गादीवर एकामागून एक खून पडले. फौज वाढत गेली, पगार वाढत गेले, आणि पलटणींनी आपापल्या पंचायती नेमून दरबाराकडे मागण्या ठेवायला सुरुवात केली. गादीवर आलेला दलीपसिंग लहान मूल, त्याची आई राणी जिंदां हिच्या हाती कारभार, आणि भोवती असे सरदार की ज्यांना इंग्रजांपेक्षा स्वतःच्या फौजेची जास्त धास्ती. फौज जिंकून परत आली असती तर त्यांची धडगत नव्हती. ज्या राज्यात शिपाई जिंकणं हीच कारभाऱ्याला आपत्ती वाटते, तिथे फितूर शोधावा लागत नाही, तो आपोआप तयार होतो. एकट्या तेजसिंगाला दोष देऊन हे कोडं सुटत नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. आमचं शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातलं, रस्त्यावरच्या बाजाराने वाढलेलं गाव.  इथून उत्तरेला अकोला आणि अकोल्याच्या पलीकडे अडगाव. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने असईची लढाई जिंकल्यावर दोन महिन्यांनी अडगावला रघुजी भोसले दुसरे आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजा गाठल्या. शिंद्यांशी आठवडाभरापूर्वीच युद्धबंदी ठरली होती. त्यांच्या वकिलांनी हल्ला करू नका म्हणून विनवलं. ठरल्याप्रमाणे शिंद्यांची फौज दूर गेलेली नाही, असं म्हणत वेलस्लीने दिवस कलल्यावर हल्ला चढवला. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच त्याच्या तीन पलटणी, असईला नीट लढलेल्याच, बिथरून मागे पळाल्या. त्याने त्या स्वतः सावरल्या, पुन्हा उभ्या केल्या आणि तासादोन तासांत लढाई जिंकली. ३८ तोफा त्याच्या हाती आल्या. भोसल्यांचं सैन्य रघुजींचे भाऊ व्यंकोजी यांच्या हाताखाली होतं. त्यातल्या अरब पायदळाने गोऱ्या पलटणींवर चाल केली आणि ते कापलं गेलं. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला, तिथे किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ ला, देवगावचा तह झाला. शिंद्यांशी तह झाला तो ३० डिसेंबरला, तोही आमच्याच भागात, सुर्जी-अंजनगावला.

अडगाव आणि सोब्राव यांच्यामधला एक धागा म्हणजे खुद्द वेलिंग्टन. हार्डिंगजवळची ती नेपोलियनची तलवार वेलिंग्टननेच त्याला दिलेली होती. सोब्रावच्या वेळी वेलिंग्टन इंग्लंडच्या सैन्याचा सरसेनापती होता. गफ आणि हार्डिंग दोघेही स्पेन-पोर्तुगालच्या युद्धात त्याच्याच हाताखाली तयार झाले होते. पण माणसांचा हा धागा मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. तहांच्या कलमांमधला धागा त्याहून मोठा आहे.

सोब्रावनंतर ९ मार्च १८४६ ला लाहोरचा तह झाला. सतलज आणि बियास यांच्यामधला जालंधर दोआब इंग्रजांनी घेतला. युद्धखर्च म्हणून दीड कोट रुपये मागितले. दरबाराच्या खजिन्यात तेवढे नव्हते, म्हणून एक कोटीच्या बदल्यात काश्मीर आणि हजारा घेतलं, आणि आठवडाभरात, १६ मार्चला, काश्मीर ७५ लाखांना जम्मूच्या गुलाबसिंगाला देऊन टाकलं. काश्मीरच्या माणसांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही. खालसा फौज कापून २० हजार पायदळ आणि १२ हजार घोडेस्वार एवढी ठेवायची, असंही ठरलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भैरोवालचा करार झाला. दलीपसिंग १६ वर्षांचा होईपर्यंत लाहोरला इंग्रजी फौज राहील, रेसिडेंटच्या हाती सगळा कारभार असेल, आणि या फौजेच्या खर्चापोटी दरबार वर्षाला २२ लाख रुपये देईल. एका अल्पवयीन राजाच्या रक्षणासाठी फौज, आणि रक्षणाचं बिल त्याच्याच नावावर. १८४८ मध्ये मुलतानला बंड झालं, खालसा फौज पुन्हा उठली, १३ जानेवारी १८४९ ला चिलियांवाल्यात तिने इंग्रजांना जबर तडाखा दिला, आणि २१ फेब्रुवारीला पंजाबातल्याच गुजरात या गावाच्या मैदानात ती शेवटची हरली. मार्चअखेर पंजाब खालसा झाला. ज्याचं रक्षण करायचं म्हणून पालक आले होते, त्या मुलाचं राज्य पालकांनी घेतलं. दुसरं युद्ध सुरू होण्याआधीच शिखांच्या तोफा, पैसा आणि कारभार करारांनी बांधलेले होते. गुजरातची लढाई १८४६ च्या कागदांवर अर्धी हरलेली होती, असं मी म्हणतो ते यासाठी.

वऱ्हाडात हेच जास्त संथपणे, पन्नास वर्षं घेऊन घडलं. म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक आणि बालेश्वर सोडलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाडही सोडलं. त्याआधी वऱ्हाडात दोअमली होती, निजाम आणि भोसले दोघेही वसूल घेत. इंग्रजांनी वऱ्हाड जिंकलं आणि निजामाला देऊन टाकलं. वरवर पाहता हा उदारपणा वाटतो. पण निजाम हा आधीच तैनाती फौजेच्या करारात अडकलेला होता. १८०० च्या करारात त्याने त्या फौजेसाठी बल्लारी, कडप्पाकडचा मुलूख देऊन टाकला होता. त्यावर युद्धाच्या वेळी ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडेस्वार मदतीला पाठवायचे, असंही कबूल केलं होतं. ही मदतीची फौज नीट असली पाहिजे, या सबबीवर हेन्री रसेल या रेसिडेंटच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निराळी पलटण उभी राहिली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रजांचे, हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. खर्च वाढत वाढत वर्षाला ४० लाखांच्या घरात गेला.

हा पैसा येणार कुठून? हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनीने जबर व्याजाने कर्जं दिली. पुढे वऱ्हाडचा वसूल सावकारांकडे मक्त्याने लागला, आधी पूरणमल, मग पेस्तनजींची पेढी. मक्तेदाराला दोनचार वर्षांत आपला पैसा व्याजासह काढायचा असतो, त्याला पुढच्या वर्षीच्या पेरणीशी देणंघेणं नसतं. आमच्या भागातली गावं या काळात ओस पडली, कुणबी कुटुंबं मुलूख सोडून गेली, हे खुद्द इंग्रजांच्याच जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. त्या नोंदींचा रोख निजामाचा कारभार किती वाईट होता हे सांगण्याकडे आहे. तो वाईट होताच. पण मक्ता ज्या खर्चासाठी लावावा लागत होता त्यात मोठा वाटा कोणाच्या फौजेचा होता, हे त्याच पानावर यायला हवं होतं.

त्या फौजेची एक मोठी छावणी आमच्यापासून फार दूर नव्हती. वाशीमच्या पुढे दक्षिणेला हिंगोली. आज हिंगोलीत गेलात तर पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी वस्त्यांची नावं मिळतात. रिसाला बाजारात भाजी घेणाऱ्याला रिसाला म्हणजे घोडदळ, हे आठवत असेलच असं नाही. या नावांमध्ये अख्खी छावणी जागच्या जागी शाबूत आहे: पायदळ इथे, घोडे तिथे, तोफा पलीकडे, आणि नोकरी संपलेल्या शिपायांची वस्ती एका बाजूला.

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि हिशेब काढायची वेळ झाली. ज्या डलहौसीने १८४९ मध्ये पंजाब घेतला, त्यानेच १८५३ मध्ये निजामाकडे कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी मागितली. रक्कम ४५ लाखांच्या आसपास होती. २१ मे १८५३ ला निजाम नासिरुद्दौलाने नाइलाजाने करार केला: वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रघुजी भोसले तिसरे निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरही गेलं. पाच वर्षांत लाहोर, वऱ्हाड, नागपूर. तिघांची कारणं कागदावर वेगवेगळी लिहिली आहेत: बंड, थकबाकी, वारस नाही. पहिल्या दोन ठिकाणी हत्यार एकच होतं, आधी फौज लादायची, मग तिचं बिल वाढू द्यायचं, मग बिलाच्या बदल्यात जमीन घ्यायची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर वऱ्हाडात मोजणी झाली, रयतवारी आली, मक्तेदार गेले, अकोल्यापर्यंत रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव मिळाला. ओसाड गावं पुन्हा वसली. हे खरं आहे आणि ते नाकारून माझा मुद्दा मजबूत होत नाही. पण सुधारलेल्या वऱ्हाडातून जास्तीचा वसूल यायला लागल्यावर त्याचं काय झालं, ते पाहा. १८५३ च्या करारात एक अट होती की फौजेचा खर्च जाऊन जे उरेल ते निजामाला द्यायचं आणि दरवर्षी हिशेब दाखवायचा. १८६० च्या नव्या करारात रायचूर आणि धाराशिव परत केलं, ५० लाखांचं कर्ज माफ केलं आणि हिशेब दाखवण्याची अट काढून टाकली. वऱ्हाड मात्र ठेवलं. कर्ज फिटलं, हिशेब बंद, आणि तारण मात्र सावकाराकडेच. निजामाचा दिवाण सालारजंग याने पुढे वऱ्हाड परत मागून पाहिलं, ते मिळालं नाही. कुठल्याही पतपेढीचा सभासद असलेल्या माणसाला या व्यवहाराला काय म्हणायचं ते समजावून सांगावं लागणार नाही.

या पैशावर पोसलेली फौज कुठे वापरली गेली, याचा विचार केला की माझ्या मनाला फार यातना होतात. १८५८ मध्ये सर ह्यू रोझ मध्य भारतात झाशीवर चालून गेला, तेव्हा त्याच्यासोबत हैदराबाद कंटिंजंटची तुकडी होती. झाशी, कोंच, काल्पी या सगळ्या मोहिमेत ती लढली. राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्यावर चालून गेलेल्या त्या घोडेस्वारांच्या दाणावैरणीत वऱ्हाडच्या ज्वारीचा, मंगरूळ-वाशीमकडच्या शेतसाऱ्याचाही हिस्सा होता. त्याच सुमारास उत्तरेत दिल्ली आणि लखनौ परत घ्यायला इंग्रजांनी पंजाबातल्या शीख पलटणी नेल्या, आणि समोर होते ते पुरबिये शिपाई, ज्यांच्या जोरावर बारा वर्षांपूर्वी सोब्राव जिंकलं होतं. हरलेल्याला जिंकणाऱ्याच्या पुढच्या लढाईचा खर्च भरावा लागतो, कधी पैशाने, कधी माणसांनी. पंजाबने माणसं दिली, आम्ही पैसा दिला.

मग यात आपण काहीच चुकलो नाही का? चुकलो, आणि इथेच फितुरीपेक्षा मोठी गोष्ट आहे. १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढत असताना यशवंतराव होळकर बाजूला उभे राहिले. दोन वर्षांनी होळकर स्वतः इंग्रजांशी लढत पंजाबात बियासपर्यंत गेले, रणजितसिंगाकडे मदत मागितली, आणि त्याने ती दिली नाही. आपलं राज्य अजून कच्चं आहे, हे त्याने ओळखलं होतं. १८०६ च्या पहिल्या दिवशी त्याने इंग्रजांशी करार केला, १८०९ मध्ये सतलज ही सीमा मान्य केली. त्याच्या हयातीपुरता हा निर्णय शहाणपणाचा होता. तरी होळकरांना मदत न दिल्यानंतर चाळीस वर्षांनी तीच सतलज ओलांडून लढण्याची वेळ त्याच्या फौजेवर आली, तेव्हा मदतीला धावून यायला हिंदुस्थानात कोणी उरलंच नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरता करार केला, आणि प्रत्येक करारात दुसऱ्याच्या पराभवाचा खर्च घातलेला होता. याला मी फितुरी म्हणणार नाही. फितूर माणसाला आपण काय करतोय ते माहीत असतं. इथे शहाणी माणसं दुसऱ्याच्या तहाचा मसुदा न वाचता आपापला तह करत गेली.

नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा रणजितसिंगाने १८३० च्या दशकात बांधवला, निजामाच्या मुलुखात, आमच्यापासून हिंगोलीच्या पलीकडे. पंजाब आणि गोदाकाठ यांचं इतकं जवळचं नातं असताना आपल्या शाळांमध्ये सोब्राव एका धड्यात, अडगाव दुसऱ्या धड्यात, आणि वऱ्हाडचा १८५३ चा करार बहुधा कुठेच नाही, ही मला मोठी उणीव वाटते. वाशीम, अकोला, हिंगोलीच्या मुलांना तरी देवगाव आणि भैरोवाल हे दोन कागद एकत्र वाचायला द्यावेत. आकडे समजायला सातवीचं गणित पुरेसं आहे.

वऱ्हाडच्या हिशेबाचा शेवटचा भाग असा. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम महबूब अलींकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, आणि हैदराबाद कंटिंजंट ही फौज निराळी न ठेवता हिंदुस्थानी सैन्यात मिसळून टाकली. ज्या फौजेच्या पगारासाठी पन्नास वर्षांपूर्वी हा मुलूख घेतला होता, ती फौजच आता नव्हती. तरीही वऱ्हाडचा शेतसारा इंग्रजांच्याच तिजोरीत जात राहिला. तो भरणाऱ्या शेलूच्या शेतकऱ्याला या व्यवहारात देवगावला कोणी विचारलं नव्हतं, हैदराबादेत विचारलं नव्हतं आणि कलकत्त्यातही नाही.